केस गळतायत, अंगावर चट्टे आहेत: औषधाआधी कारण कसं शोधायचं

जानेवारी २०२५ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यात, बोंडगाव-कालवडच्या परिसरात, माणसांचे केस मुठीने हातात येऊ लागले. आधी डोकं खाजायचं, मग केस राठ व्हायचे आणि तीन-चार दिवसांत टक्कल पडायचं. पहिला संशय बुरशीवर गेला, नंतर पाण्यावर. पुढे महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रुग्णांच्या शरीरात सेलेनियम हे मूलद्रव्य वाढल्याचं दाखवून रेशनच्या गव्हाकडे बोट केलं. काही महिन्यांनी त्यातल्या काहींची नखंही गळू लागली.

बुरशी इथे का बसत नव्हती, हे समजलं की केसगळतीचं अर्धं निदान हाती येतं. डोक्यातली बुरशी आठवड्यांच्या हिशेबाने पसरते, एका जागी सुरू होते, खवलं उठवते, केस मुळातून सोडण्यापेक्षा तोडते आणि बहुतेक वेळा लहान मुलांना गाठते. मोठ्या माणसांचं, एकाच आठवड्यात, सगळ्या डोक्याचं आणि गावभर केस जाणं हे बुरशीचं वागणं नाही. काय खाल्लं, काय प्यायलं याच्याकडेच ते बोट दाखवतं. किती दिवसांत गळले, कुठून गळले, केसाचं टोक कसं आहे आणि खाली कातडी कशी आहे, या चार गोष्टी मलम लावण्याआधी पाहायच्या.

गळलेला केस हातात घेऊन बघा

केस विंचरताना खाली पांढरा कागद पसरा. पिकलेले किंवा मेंदीचे केस असतील तर काळा कागद घ्या. गळलेल्यांतले दहा-बारा केस उचला आणि दोन्ही टोकं उजेडाकडे धरा.

एका टोकाला मोहरीहून बारीक, पांढरी, कोरडी गाठ असेल तर केस आपलं आयुष्य संपवून गळला आहे. ही गाठ पाहून 'मूळच उपटलं, आता तिथे केस येणार नाही' असं वाटून बायका रडतात. पण खरं मूळ कातडीतच राहिलेलं असतं आणि तिथून नवा केस निघतो. दोन्ही टोकांना गाठ नसेल, केस आखूड असेल आणि टोक फाटलेलं असेल, तर तो गळलेला नाही, तुटलेला आहे. स्ट्रेटनिंग, ब्लीच, ओले केस जोराने विंचरणं, टॉवेलने झटकणं ही त्याची कारणं. त्याला लोहाची गोळी काही करू शकत नाही. टोक निमुळतं, पेन्सिलीसारखं बारीक झालेलं दिसलं तर केस बनत असतानाच मुळाला धक्का बसला आहे. केमोथेरपी, विषबाधा किंवा वेगाने पसरणारी चाई (गोल चकत्यांनी केस जाणं) यांत असं होतं.

रोज पन्नास ते शंभर केस गळणं नैसर्गिक आहे. दोन-तीन दिवसांनी डोकं धुणाऱ्यांना धुण्याच्या दिवशी जास्त दिसतात, कारण मधल्या दिवसांचे सुटलेले केस त्या दिवशी एकदम येतात. मोरीच्या जाळीवरच्या गुंत्यावरून म्हणूनच काही ठरवू नका. त्याऐवजी डोकं धुण्याआधी मागच्या बाजूकडून कपाळाकडे बरोबर एक मिनिट विंचरा आणि पडलेले केस मोजा. तीन धुण्यांच्या वेळी हेच करून सरासरी काढा. दहाच्या आसपास आकडा असला तर काळजी नको. तो चाळीस-पन्नासवर जात असेल तर पुढे तपास करायला हवा.

ओढून पाहण्याची चाचणी

आदल्या दिवशी डोकं धुतलेलं नसावं, तेलही नको. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट यांत साधारण पन्नास-साठ केसांची बट मुळाजवळ धरायची आणि टोकापर्यंत सावकाश, पण घट्ट ओढत न्यायची. हिसका द्यायचा नाही. माथा, दोन्ही कानशिलं आणि मागची बाजू असं चार ठिकाणी करायचं. एका बटेतून सहापेक्षा जास्त केस आले तर गळती चालू आहे असं धरतात. हल्लीचे त्वचारोगतज्ज्ञ दोनपेक्षा जास्त केस आले तरी पुढे बघतात. ही चाचणी फक्त आज काय चालू आहे ते सांगते. आदल्याच दिवशी डोकं धुतलं असेल तर ती खोटी निर्दोष निघते, आणि बहुतेक जण डॉक्टरकडे जायच्या आधी हमखास डोकं धुऊन जातात.

चारही ठिकाणी सारखेच केस आले तर कारण शरीरभराचं आहे. फक्त माथ्यावर आले आणि मागे एकही नाही, तर आनुवंशिक टक्कल असण्याची शक्यता जास्त.

तीन महिने मागचं कॅलेंडर

सगळ्या डोक्यावरचे केस एकदम गळू लागले तर 'या महिन्यात काय बदललं' हा प्रश्न चुकीचा आहे. मोठ्या धक्क्यानंतर केस विश्रांतीच्या अवस्थेत जातो आणि साधारण दोन-तीन महिन्यांनी पडतो. दिवाळीत केस गळत असतील तर श्रावणात काय झालं ते आठवायचं. डेंग्यू, टायफॉइड किंवा कोविडचा ताप, बाळंतपण, मोठं ऑपरेशन, महिन्यात सात-आठ किलो उतरवणारं डाएट, गर्भनिरोधक गोळी बंद करणं, घरातला मृत्यू. धक्का एकदाच बसलेला असेल तर गळती साधारण सहा महिन्यांत आपोआप थांबते. तेल बदलून, शाम्पू बदलून, पाण्याला फिल्टर लावून लोक जे बरं झालं म्हणतात, ते बहुतेक वेळा आपोआपच थांबलेलं असतं.

सहा महिन्यांवर गळती चालू राहिली तर रक्त तपासा: हिमोग्राम, फेरिटिन (लोहाचा साठा), टीएसएच (थायरॉइड), गरजेप्रमाणे बी-१२ आणि ड जीवनसत्त्व. पाळी अनियमित असेल किंवा हनुवटीवर राठ केस येत असतील तर हार्मोन्सही. इथे दोन सापळे आहेत. हिमोग्लोबिन बारा असलं तरी शरीरातला लोहाचा साठा रिकामा असू शकतो, म्हणून फेरिटिन हवंच. ते तीसच्या खाली असेल तर लोह कमी आहे. पण ताप किंवा सूज असताना फेरिटिन खोटं वाढतं, म्हणून आजारातून उठल्यावर लगेच करू नका. दुसरा सापळा बायोटिन या जीवनसत्त्वाचा. केसांसाठीच्या बहुतेक गोळ्यांत तो असतो आणि काही लॅबच्या यंत्रांत थायरॉइडचे आकडे बिघडवतो, इतका की निरोगी माणसाला थायरॉइड वाढल्याचा रिपोर्ट मिळतो. रक्त देण्याआधी दोन-तीन दिवस ती गोळी बंद ठेवा आणि लॅबला तसं सांगा.

कुठून गेले

स्त्रियांत भांग रुंद होत जातो, पुढच्या बाजूला जास्त, आणि कपाळावरची रेषा जागेवर राहते. पुरुषांत कपाळाचे दोन कोपरे आणि टाळू. इथे केस संपत नाहीत, दर वेळी आधीपेक्षा बारीक उगवतात. भांगातल्या जाड आणि सुताएवढ्या बारीक केसांची सरमिसळ भिंगातून दिसली की ते आनुवंशिक टक्कल. मिनॉक्सिडिल हे डोक्याला लावायचं औषध त्यासाठीच आहे. ते सुरू केल्यावर पहिल्या दोन-तीन आठवड्यांपासून दोन महिन्यांपर्यंत केस जास्त गळतात आणि घाबरून बहुतेक जण तिथेच सोडतात. परिणाम बघायला चार ते सहा महिने द्यावे लागतात. कपाळ-कानशिलाच्या कडेचेच केस विरळ होत असतील तर घट्ट वेणी किंवा अंबाडा ओढतोय. ती सैल करणं हेच औषध.

नाण्याएवढा, गुळगुळीत, चकचकीत गोल पडला, खाज नाही, खवलं नाही, तर ती चाई. काही भागांत उंदरी लागली म्हणतात. कडेचे केस बघा: वर जाड आणि मुळाशी निमुळते असतील, उद्गारचिन्हासारखे, तर फारशी शंका उरत नाही. हा कीड लागण्याचा प्रकार नाही. शरीराची संरक्षक यंत्रणाच केसाच्या मुळावर उठते. लसूण किंवा कांदा चोळून कातडी भाजते आणि मग चाई आणि जखम दोन्ही निस्तरत बसावं लागतं. उपचार असतो तो त्या जागी टोचायच्या स्टिरॉइडचा, आणि तो त्वचारोगतज्ज्ञच करतात.

एक प्रकार मात्र थांबू देत नाही. केस गेलेल्या जागी कातडीवरची रंध्रं दिसेनाशी झाली, जागा मेणासारखी गुळगुळीत आणि फिकट झाली किंवा केसांभोवती लाल कडं आणि जळजळ असेल, तर मूळ कायमचं मरतंय. तिथे चार मिलिमीटरचा तुकडा काढून तपासतात. महिनाभर तेल लावून बघू म्हटलं तर तेवढे केस कायमचे गेले.

लहान मुलाच्या डोक्यातला नायटा

पाच-दहा वर्षांच्या मुलाच्या डोक्यात केस विरळ झालेला पट्टा, वर राखाडी खवलं आणि केस कातडीलगत तुटून काळे ठिपके राहिलेले, मानेमागे वाटाण्याएवढ्या गाठी: हे दिसलं की कोंडा म्हणून सोडू नका. मोठ्यांना होणारा कोंडा लहान मुलात सहसा होत नाही. काही वेळा तिथे मऊ, पू वाहणारा, दुखरा फोड उठतो. जुनी माणसं त्याला खवडे म्हणतात. तो गळू समजून चिरला जातो, आत पूही फारसा सापडत नाही आणि व्रण राहून तिथे पुन्हा केस येत नाहीत. चिरण्याआधी त्या कडेचे दोन-चार तुटके केस चिमट्याने ओढून तपासायला पाठवावेत.

डोक्यातली बुरशी केसाच्या आत शिरलेली असते, म्हणून मलमाने ती कधीच जात नाही. पोटातून औषध लागतं. ग्रिसिओफल्विन दिलं तर सहसा सहा ते आठ आठवडे, आणि दूध किंवा तुपाच्या जेवणासोबत. चरबीशिवाय ते नीट शोषलं जात नाही. टर्बिनाफिनचा डोस मुलाच्या वजनावर ठरतो. किटोकोनाझोल शाम्पू आठवड्यातून दोनदा लावायचा तो बरं करायला नव्हे, दुसऱ्यांना पसरू नये म्हणून. घरातल्या सगळ्यांची डोकी पाहा, फणी आणि टोपी वेगळी ठेवा. घरात मांजर असेल तर तिच्या कानांवर, पंजांवर केस गेलेत का बघा.

अंगावरच्या चट्ट्याची कड

नायट्याचं निदान मध्यावर होत नाही, कडेवर होतं. कड उचललेली, लाल, बारीक पुरळाची आणि खवलांची, मध्यभाग निवळलेला, आणि कड दर आठवड्याला थोडी पुढे सरकलेली. बॉलपेनने कडेभोवती रेघ मारा आणि सात दिवसांनी बघा, रेघ ओलांडली का. जांघ, कंबर, काख, छातीखाली घाम साचतो तिथे हा आधी येतो.

गोल आणि लाल म्हणजे नायटाच, असं नाही. इसबात चट्टा मध्यापासून कडेपर्यंत सारखाच असतो आणि ओलसर होतो. सोरायसिसचं खवल चांदीसारखं, जाड, कोपर-गुडघ्यांवर. छाती-पाठीवर आधी एक मोठा चट्टा आणि आठवड्याभराने खूप लहान चट्टे आले तर तो बहुधा पिटिरिअॅसिस रोझिया, सहा-आठ आठवड्यांत आपोआप जातो. छाती-मानेवर फिकट किंवा तपकिरी ठिपके, नखाने खरवडलं की पिठासारखं खवल निघतं, ती शिबं. तीही बुरशीच, पण वेगळी. तिचे पांढरे डाग औषध संपल्यावरही काही महिने राहतात. रात्री वाढणारी खाज, बोटांच्या बेचक्यांत पुरळ आणि घरात आणखी एकाला तेच, तर खरूज. पावसात चिखलात काम करणाऱ्यांच्या पायांच्या बोटांमधल्या पांढुरक्या, भिजलेल्या कातडीला चिखल्या म्हणतात. त्यात बुरशी आणि जंतू दोन्ही असू शकतात.

फिकट किंवा लालसर चट्टा आहे, खाज अजिबात नाही, महिनोन्महिने तसाच आहे, तर एक चाचणी घरीच करा. माणसाला डोळे मिटायला सांगा. कापसाची वात करून आधी चांगल्या कातडीला टेकवा, मग चट्ट्याला, आणि जिथे स्पर्श झाला तिथे बोट ठेवायला सांगा. चट्ट्यावरचा स्पर्श कळला नाही तर तो कुष्ठरोग असू शकतो, त्याच आठवड्यात सरकारी दवाखान्यात जा. कुष्ठरोगाची औषधं तिथे मोफत मिळतात, सहा ते बारा महिन्यांचा कोर्स असतो. लवकर गेलं तर हातापायांची बोटं वाकत नाहीत.

ट्यूबवर काय छापलंय

दुकानात 'खाजेची ट्यूब द्या' म्हटलं की बहुधा तीन-चार औषधं एकत्र असलेलं मलम हातात पडतं. पाठीमागची बारीक अक्षरं वाचा. क्लोबेटासोल, बीटामेथासोन, मोमेटासोन यांपैकी एक जरी नाव असेल तर त्यात स्टिरॉइड आहे. ते लावलं की दोन दिवसांत खाज आणि लाली जाते, कारण स्टिरॉइड शरीराचा विरोध थांबवतं. बुरशी मात्र आरामात पसरते. मलम थांबवलं की चट्टा दुप्पट होऊन परत येतो, कडेच्या आत आणखी एक कड दिसते, जांघेतली कातडी पातळ होऊन तिच्यावर जांभळ्या रेघा उमटतात. त्या रेघा जात नाहीत. २०१८ साली केंद्र सरकारने अशी बरीच स्टिरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली, तरी ती मिळतात.

याच्या जोडीला बुरशीही बदलली आहे. भारतात पसरलेल्या एका जातीला २०२० मध्ये ट्रायकोफायटॉन इंडोटिनी असं नाव मिळालं. तिच्यातल्या बऱ्याच वंशांवर टर्बिनाफिन चालत नाही. म्हणून पूर्वी दोन आठवड्यांत जाणारा नायटा आता दोन महिने घेतो आणि रुग्णाला वाटतं डॉक्टर चुकले.

कातडी खरवडून तपासणी

सर्वात स्वस्त आणि सर्वात कमी वापरली जाणारी तपासणी हीच. चांगल्या नमुन्यासाठी बुरशीचं मलम काही दिवस बंद असावं. एक-दोन आठवडे बंद असेल तर उत्तम. आदल्या दिवशी तेल, पावडर लावू नका. चट्टा स्पिरिटने पुसून वाळू देतात, आणि बोथट पात्याने पुढे सरकणाऱ्या कडेवरून खवल खरवडून काचपट्टीवर घेतात. निवळलेल्या मध्यभागातून घेतलेला नमुना रिकामाच निघतो. रिपोर्ट चुकीने निगेटिव्ह येण्याचं हे एक मोठं कारण. त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा, म्हणजे केओएचचा थेंब टाकतात. कातडीला दहा टक्के, केसांना वीस, नखांना त्याहून तीव्र. काचझाकण ठेवून पट्टी किंचित कोमट करतात. उकळली तर क्षाराचे स्फटिक होऊन काहीच दिसत नाही. दहा-वीस मिनिटांत पेशी विरघळतात, नखाला रात्रभर लागू शकते. सूक्ष्मदर्शकाखाली सरळ, फांद्या फुटलेले, आडव्या भिंतींनी विभागलेले धागे दिसले की बुरशी पक्की. कापसाचा तंतू आणि पेशींच्या कडांची जाळी नवख्याला फसवतात. बुरशीचा धागा पेशींच्या कडा ओलांडून सलग जातो, जाळी कडेकडेनेच वळते.

कल्चरला, म्हणजे नमुन्यातली बुरशी लॅबमध्ये वाढवून पाहायला, दोन ते चार आठवडे लागतात. सगळ्यांना ते लागत नाही. गोळ्या नीट घेऊनही महिनाभरात फरक नसेल तर नक्की करावं. वुड्स लॅम्पचा (अतिनील किरणांच्या दिव्याचा) निळसर प्रकाश अंगावरच्या नायट्यात काही दाखवत नाही. शिबं पिवळसर दिसते, मांजराकडून आलेली डोक्यातली बुरशी हिरवी, काखेतला एरिथ्राझ्मा, म्हणजे जंतूंमुळे होणारा चट्टा, पोवळ्यासारखा लाल. दिव्याखाली काही चमकलं नाही म्हणून नायटा नाही, असं मात्र कुणी सांगितलं तर पटवून घेऊ नका.

औषध किती, किती दिवस

तर्जनीच्या शेवटच्या पेरावर ओढलेली मलमाची रेघ म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम, आणि ती दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरते. तेवढ्या चट्ट्याला दोन वेळा लावलं तर पंधरा ग्रॅमची ट्यूब पंधरा दिवसांत संपायला हवी. महिनाभर पुरली तर तुम्ही कमी लावताय. पूर्ण चट्ट्यावर आणि त्याच्या कडेबाहेर दोन सेंटिमीटरपर्यंत लावा. चट्टा दिसेनासा झाल्यावर आणखी दोन आठवडे चालू ठेवा. चट्टे बरेच असतील तर इट्राकोनाझोल लागतं, आणि तेही आठवडेच्या आठवडे. त्याच्या कॅप्सुला पोटभर जेवणासोबत घ्यायच्या. सोबत अॅसिडिटीची गोळी घेतली तर कॅप्सूल नीट शोषलीच जात नाही, आणि आपल्याकडे प्रत्येक चिठ्ठीत ती गोळी असते. हृदय कमकुवत असेल, कोलेस्टेरॉल किंवा साखरेची औषधं चालू असतील तर डॉक्टरांना आधी सांगा. गरोदर बाईने यातलं काहीही स्वतःहून घेऊ नये.

करदोटा हा नायट्याचा जुना मित्र. कंबरेचा तो काळा दोरा दिवसभर घामाने ओला राहतो, उपचारांनंतरही त्यातून परत लागण होते. उपचार चालू असेपर्यंत काढून ठेवा किंवा दर आठवड्याला नवा बांधा. परकराची नाडी, गंडा-दोरे, घट्ट जीन्स, ओली चड्डी यांचंही तसंच. आतले कपडे साठ अंशांच्या गरम पाण्यात धुवा, उलटे करून उन्हात वाळवा आणि शिवणींवरून इस्त्री फिरवा. पावसाळ्यात ऊन नसतं तेव्हा इस्त्रीच उपयोगी पडते. घरात आणखी कोणाला चट्टा असेल तर दोघांचे उपचार एकदम सुरू करा. एकाच्या अंगावरून दुसऱ्याच्या अंगावर जात राहिली तर ट्यूबा संपतात, खाज नाही.

औषध सुरू करण्याआधी फोटो काढा, त्याच खिडकीजवळ, त्याच वेळी, शेजारी फूटपट्टी ठेवून. केसांसाठी महिन्यातून एकदा भांगाचा, चट्ट्यासाठी आठवड्यातून एकदा कडेचा. कड सपाट झाली, खवल गेलं, खाज थांबली, तर बुरशी गेली. तिथे काही महिने राहणारा तपकिरी किंवा काळा डाग ही बुरशी नाही, सुजेचा मागे राहिलेला रंग आहे. त्या डागावर मलम घासत राहिल्याने तो लवकर जात नाही. शंका असेल तर जुनी कड होती तिथून पुन्हा एकदा खरवडून केओएच करा. पट्टी निगेटिव्ह आली आणि चट्टा गेल्यानंतरचे दोन आठवडेही पूर्ण झाले असतील तर औषध थांबवा.